पदवीच्या वर्गातून आरोग्यव्यवसायाकडे : यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी विषयनिवडीचे मार्गदर्शन

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड किंवा पांढरकवडा येथील महाविद्यालयांत बीएस्सीच्या जीवशास्त्र गटाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांनी हा प्रवेश 'नीट'मध्ये गुण कमी पडले म्हणून, किंवा पुढच्या वर्षी ती परीक्षा पुन्हा द्यायची असल्याने तूर्त नाव टाकून ठेवावे म्हणून घेतलेला असतो, आणि त्यामुळे पदवीची वर्षे ही आरोग्यक्षेत्राचे दार बंद झाल्यानंतरची वर्षे आहेत अशी समजूत घरात आणि वर्गात दोन्हीकडे रुजलेली दिसते. ही समजूत अर्धीच खरी आहे. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस यांसारख्या, रुग्णावर उपचार करण्याचा परवाना देणाऱ्या पदव्यांचे दार आपल्याकडे बारावीनंतर उघडते हे खरे; परंतु आरोग्यव्यवस्था केवळ उपचार करणाऱ्यांवर चालत नाही, आणि तिला लागणाऱ्या इतर अनेक जाणकारांचे शिक्षण पदवीनंतरच सुरू होते. त्या दुसऱ्या दाराशी पदवीच्या काळात कोणते विषय, किती खोलवर आणि कोणत्या प्रात्यक्षिकांसह शिकले याचीच विचारणा होते. प्रस्तुत लेखात त्या विषयांचा विचार यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

परदेशाशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षणही चार वर्षांच्या पदवीनंतरचे असते आणि त्यासाठी जी 'प्री-मेड' तयारी म्हणतात ती वेगळी पदवी नसून विषयांचा एक संच असतो : जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे प्रयोगशाळेसह प्रत्येकी साधारण एक वर्ष, आणि त्यांच्या जोडीला जीवरसायनशास्त्र व संख्याशास्त्र. तेथील प्रवेशपरीक्षेत २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांवर स्वतंत्र भाग आला, कारण आजार शरीरात होत असला तरी तो राहणीमान, उत्पन्न आणि वर्तन यांच्या वाटेने येतो हे तेथील वैद्यक महाविद्यालयांनी मान्य केले. ही कठोर पूर्वअटींची पद्धत तिथेही जुनी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती आणि ती मागितलीही गेली नाही. वैद्यकाआधी विज्ञानाचा पाया पक्का हवा हा आग्रह अमेरिकेत सर्वत्र रूढ झाला तो १९१० च्या फ्लेक्स्नर अहवालानंतर. आपल्याकडील पद्धत निराळी असली तरी या संचामागचा विचार येथील पदवीधरालाही लागू पडतो.

पदवीनंतरच्या दारापलीकडे काय आहे, हे प्रथम पाहू. वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र या विषयांत 'एमएस्सी वैद्यकीय' हा अभ्यासक्रम असतो. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, पुदुच्चेरीची जिपमर आणि चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था येथे बीएस्सी झालेले विद्यार्थी प्रवेशपरीक्षा देऊन असे अभ्यासक्रम करतात, आणि यवतमाळपासून जवळ म्हणावे असे ठिकाण म्हणजे वर्ध्यालगतचे सावंगी मेघे येथील अभिमत विद्यापीठ. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, जिचा उगम १९५२ च्या विषाणू संशोधन केंद्रात आहे, ती विषाणुशास्त्रात एमएस्सी शिकवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि पांढरकवड्याहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग सरळ त्या शहरात उतरत असल्याने दक्षिण यवतमाळच्या विद्यार्थ्याला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचे आहे, ही बाब पालकांच्या क्वचितच लक्षात येते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालय प्रशासन हे अभ्यासक्रम केवळ विज्ञानाच्या पदवीधरांपुरते मर्यादित नाहीत. तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था, जी १९५६ मध्ये स्थापन झाली, ती जीवसंख्याशास्त्र शिकवते आणि त्यासाठी गणित किंवा संख्याशास्त्र पदवीच्या पातळीवर झालेले असणे अपेक्षित धरते. भौतिकशास्त्र-रसायन-गणित म्हणजे 'पीसीएम' घेतलेल्यांनाही मार्ग आहे : एमएस्सी भौतिकशास्त्रानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची किरणोत्सार भौतिकीची पदविका घेतलेला तज्ज्ञ कर्करोग रुग्णालयात किरणोपचाराच्या मात्रेची आखणी व पडताळणी करतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. यांपैकी कोणतीही पदवी रुग्णाला औषध लिहून देण्याचा अधिकार देत नाही, आणि 'एमएस्सी वैद्यकीय' या नावातील 'वैद्यकीय' शब्दावरून तसा समज करून घेणे, किंवा कोणी तो करून देणे, दोन्ही चुकीचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत बिगर-डॉक्टर एमएस्सी शिक्षकांचे प्रमाण किती असावे याचे नियमही गेल्या काही वर्षांत बदलत राहिले आहेत, त्यामुळे केवळ अध्यापनाच्या नोकरीवर डोळा ठेवून हा मार्ग धरणाऱ्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा ताजा नियम वाचल्याखेरीज पाऊल टाकू नये. प्रयोगशाळा, संशोधन, औषधचाचण्या, सार्वजनिक आरोग्य कार्यक्रम आणि आरोग्यविषयक आकडेवारी ही या पदव्यांची खरी कार्यक्षेत्रे आहेत.

आता विषयांकडे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत, ज्यात १९८३ पासून यवतमाळ जिल्हा येतो, जीवशास्त्राकडे कल असलेले विद्यार्थी बहुधा 'सीबीझेड' म्हणजे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हा गट घेत आले आहेत, आणि जेथे सोय आहे तेथे वनस्पतिशास्त्राऐवजी सूक्ष्मजीवशास्त्र. या गटातील विद्यार्थ्यांचा ओढा प्राणिशास्त्राकडे असतो आणि रसायनशास्त्र हा 'काढायचा' विषय मानला जातो. प्रत्यक्षात आरोग्यक्षेत्राच्या दृष्टीने क्रम उलटा असायला हवा. याचे कारण यवतमाळ जिल्ह्याइतके ठळकपणे क्वचितच दुसरीकडे दिसेल.

२०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले आणि त्यांपैकी २० हून अधिक जण दगावले. डोक्याइतकी उंच वाढलेली पऱ्हाटी, एकापेक्षा अधिक कीटकनाशकांची मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव यांची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. या घटनेतील शास्त्र मात्र पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला समजू शकेल इतक्या अंतरावर आहे. मज्जातंतूच्या टोकाशी असिटिलकोलिन नावाचे संदेशवाहक रसायन सुटते आणि काम झाल्यावर असिटिलकोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे तुकडे करते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके या विकराच्या क्रियास्थानातील सेरीन या अमिनो आम्लाला चिकटतात आणि ते निकामी करतात. संदेश थांबायचा तो थांबत नाही, बाहुल्या आकसतात, घाम आणि लाळ वाहू लागते, छातीत स्राव साचतो, नाडी मंदावते. अॅट्रोपिन हे औषध त्या संदेशवाहकाचे ग्राही अडवून ठेवते, तर प्रॅलिडॉक्झिम चिकटलेला फॉस्फेट गट सोडवू शकते, परंतु तेही तो बंध कायमचा होण्याआधी दिले तरच. सेंद्रिय रसायनशास्त्रातील केंद्रस्नेही प्रतिस्थापनाची प्रक्रिया ज्याने केवळ पाठ केली त्याला हे औषधनाम आठवेल. ज्याने ती समजून घेतली त्याला वेळेचे महत्त्व का आहे तेही कळेल. त्याच हंगामात वापरात असलेले डायफेनथायुरॉन हे कीटकनाशक मात्र ऑर्गॅनोफॉस्फेट नसून थायोयुरिया गटातील आहे. ते पेशीतील ऊर्जानिर्मितीवर आघात करते आणि त्यावर अॅट्रोपिनसारखा नेमका उतारा नाही. म्हणजे 'फवारणीचे विष' या एका नावाखाली दोन वेगळी रसायने, दोन वेगळ्या यंत्रणा आणि दोन वेगळे उपचार दडलेले असतात, आणि त्यांतला भेद प्राणिशास्त्राच्या वहीत सापडत नाही. सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र नीट झाल्यावर जीवरसायनशास्त्राचा किमान एक पूर्ण सत्राचा अभ्यासक्रम, विकरांच्या गतिशास्त्रासह, घ्यावा असे जे म्हणतात त्याचे कारण हे आहे.

विश्लेषणात्मक रसायनशास्त्राकडेही असेच दुर्लक्ष होते. पांढरकवडा आणि झरी जामणी परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदवले आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही योग्य व १.५ मिलिग्रॅम ही पर्यायी स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा ठरवली आहे. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि पुढे हाडांचे ताठरणे ही लक्षणे डॉक्टर पाहतो. पण कोणत्या गावच्या कोणत्या बोअरवेलमधून ती येतात हे आयन-निवडक इलेक्ट्रोड किंवा रंगमापन पद्धती वापरणारा रसायनशास्त्राचा पदवीधर सांगतो. द्रावणाची संहती काढणे, प्रमाणित आलेख आखणे, उपकरणाची चूक आणि हाताची चूक वेगळी ओळखणे ही कौशल्ये वर्गातल्या प्रात्यक्षिकात शिकवली जातात खरी, परंतु जर्नल पूर्ण करण्याच्या घाईत आदल्या वर्षीच्या वहीतील आकडे उतरवून घेण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती या शिक्षणाचा गाभाच काढून घेते. प्रवेशपरीक्षेत ही उणीव लपते, पण एमएस्सीच्या पहिल्या महिन्यात ती उघडी पडते.

जीवशास्त्रात आनुवंशिकी आणि शरीरक्रियाशास्त्र यांना प्राधान्य द्यावे. सिकलसेल आजार विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समाजांत, मोठ्या प्रमाणावर आढळतो. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम, गोंड, परधान, आंध या जमातींची वस्ती असल्याने हा विषय येथील विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा शेजारून अधिक परिचित असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या आजाराला 'रेणूचा आजार' म्हटले तेव्हा वैद्यक आणि रसायनशास्त्र यांच्यातली भिंत प्रथमच इतक्या स्पष्टपणे पडली. आई-वडील दोघेही वाहक म्हणजे लोकभाषेत 'एएस' असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी, म्हणजे 'एसएस', मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन ठीक होतील' असा जो अर्थ घराघरांत काढला जातो तो चुकीचा कसा हे समजावून सांगणारा समुपदेशक तयार व्हायचा असेल तर मेंडेलचे नियम आणि संभाव्यतेचा सिद्धान्त त्याच्या डोक्यात एकत्र बसलेले हवेत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे अशा मनुष्यबळाची गरज वाढलेली आहे, आणि शेजारच्या चंद्रपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिन विकारांवरील केंद्रही आहे.

या सर्वांहून अधिक उपेक्षित आणि सर्वांहून अधिक उपयोगी विषय म्हणजे संख्याशास्त्र. सीबीझेडच्या विद्यार्थ्याने गणित बहुधा दहावीनंतर किंवा बारावीनंतर सोडलेले असते आणि ते सुटले याचाच त्याला आनंद झालेला असतो. परंतु सार्वजनिक आरोग्य, साथरोगशास्त्र, पोषण, औषधचाचण्या, नर्सिंगमधील संशोधन, यांतील एकही पदव्युत्तर अभ्यासक्रम जीवसंख्याशास्त्राशिवाय पूर्ण होत नाही. एक उदाहरण पुरेसे आहे. समजा एखादी प्राथमिक चाचणी अशी आहे की विशिष्ट दोष असलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांमध्ये ती तो दाखवते, आणि दोष नसलेल्या १०० पैकी ९० जणांना ती बरोबर निर्दोष ठरवते. पहिल्या गुणाला संवेदनक्षमता आणि दुसऱ्याला विशिष्टता म्हणतात. ही चाचणी जेथे दर १०० जणांत १० जणांना दोष आहे अशा १०,००० लोकांवर केली, तर दोष असलेल्या १,००० पैकी ९५० जण पकडले जातील आणि दोष नसलेल्या ९,००० पैकी ९०० जण चुकून दोषी ठरतील. म्हणजे चाचणी 'पॉझिटिव्ह' आलेल्या १,८५० जणांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांनाच खरोखर दोष असेल. तीच चाचणी जेथे दर १०० जणांत एकालाच दोष आहे अशा १०,००० लोकांवर केली, तर खरे दोषी ९५ आणि चुकीने दोषी ठरलेले ९९०, म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या दर १०० जणांत जेमतेम ९ खरे. चाचणी बदललेली नाही, किटही तेच आहे; बदलला तो समाज. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत, परंतु सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री का करून घ्यावी लागते आणि खात्रीआधी एखाद्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात 'सिकल'चा शिक्का का मारू नये, याचे उत्तर त्यांच्यात आहे. सरासरी, प्रमाण विचलन, विश्वासमर्यादा, सहसंबंध आणि प्रतिगमन इतका भाग पदवीच्या काळात हाताने गणिते सोडवून आणि नंतर संगणकावरील तक्त्यांत करून झालेला असावा. महाविद्यालयात हा विषय उपलब्ध नसल्यास 'स्वयम्' या शासकीय ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम घेता येतो आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्या मार्गाने मिळू शकतात. मात्र नोंदणी करण्यापूर्वी ते श्रेयांक आपले महाविद्यालय स्वीकारणार आहे याची लेखी खात्री करून घ्यावी.

ज्यांनी बारावीनंतरच औषधनिर्माणशास्त्र किंवा नर्सिंग घेतले आहे, त्यांच्यासाठी विषयनिवडीला वाव कमी असतो, कारण अभ्यासक्रम परिषदेने ठरवलेला असतो. तरीही त्या रचनेतून एक धडा मिळतो : बी. फार्मसीच्या पहिल्या सत्रात गणित गटातून आलेल्याला पूरक जीवशास्त्र आणि जीवशास्त्र गटातून आलेल्याला पूरक गणित शिकावे लागते, आणि शेवटच्या सत्रात जीवसंख्याशास्त्र व संशोधनपद्धती तसेच सामाजिक व प्रतिबंधात्मक औषधनिर्माणशास्त्र येते. जो समतोल बीएस्सीच्या विद्यार्थ्याने स्वतः साधायचा असतो तो तेथे नियमानेच साधलेला आहे. बी. फार्मसीनंतर एम. फार्मसीसाठी 'जीपॅट', तर एमएस्सी नर्सिंगसाठी बीएस्सी नर्सिंगनंतर एक वर्षाचा अनुभव, या अटी पहिल्या वर्षापासून माहीत असाव्यात.

सामाजिक शास्त्रे आणि भाषा हा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अनावश्यक वाटणारा भाग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी रचना आली तिच्यात मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय आणि दुसऱ्या विद्याशाखेतील खुले वैकल्पिक विषय घ्यावे लागतात. हे खुले विषय बहुतेक जण गुण सहज मिळतील या हिशेबाने निवडतात, तर आरोग्यक्षेत्राकडे जाणाऱ्याने ते मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांतून निवडावेत. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेरणा' समुपदेशन प्रकल्पात यवतमाळचा समावेश होता. अशा कामात चिकित्सा मानसशास्त्राचा अभ्यास केलेली आणि मनोविकार क्षेत्रात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली माणसे लागतात, आणि त्यांची पूर्वतयारी कला शाखेतील विद्यार्थीही करू शकतात. यवतमाळच्या सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालयासारख्या संस्थेमुळे हा मार्ग जिल्ह्याबाहेर न जाताही सुरू होतो. चिकित्सा मानसशास्त्राचे अभ्यासक्रम सध्या नव्या रचनेत जात असल्याने भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता कोणत्या पदवीला आहे ते प्रवेशाच्या वर्षी पाहावे.

भाषेबाबत दोन टोके सांभाळावी लागतात. पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीत होते आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण शब्दांची नसून लांब परिच्छेद वाचून त्यातला युक्तिवाद पकडण्याची असते. आठवड्याला एक संशोधनलेख, आरंभी केवळ सारांश आणि निष्कर्ष, वाचून त्याचा आशय मराठीत दहा ओळींत लिहून काढणे हा त्यावरचा उपाय मार्गदर्शक पुस्तकांपेक्षा अधिक परिणामकारक आहे. दुसऱ्या टोकाला, कोलामांच्या पोडावर किंवा बंजारा तांड्यावर काम करताना कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या विद्यार्थ्याजवळ जे भांडवल असते ते महानगरातल्या विद्यार्थ्याकडे नसते, आणि सार्वजनिक आरोग्याच्या मुलाखतीत ते सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

नव्या रचनेतील क्षेत्रप्रकल्प, सामुदायिक सहभाग आणि कार्यस्थळावरील प्रशिक्षण हे घटक कागदावर संपवायचे की कामी लावायचे हे विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकाच्या हाती आहे. गावातील पाणवठ्यांच्या पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊन त्यांची मांडणी करणे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशा कार्यकर्तीसोबत गृहभेटींची पद्धत पाहणे, किंवा फवारणी करणाऱ्या मजुरांच्या संरक्षक साधनांविषयी प्रश्नावली तयार करून ती तपासणे, हे पदवी पातळीवर झेपणारे प्रकल्प आहेत. रुग्णांची नावे, नोंदी आणि छायाचित्रे यांना मात्र हात लावू नये, आणि रुग्णालयाशी संबंध येणाऱ्या कोणत्याही प्रकल्पासाठी संस्थेची लेखी परवानगी व आवश्यक तेथे नीतिसमितीची मान्यता घ्यावी. १९८९ मध्ये सुरू झालेले यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे. तेथील जनऔषधवैद्यक विभागाशी विज्ञान महाविद्यालयांनी अधिकृत करार केला तर एकेकट्या विद्यार्थ्याला दारोदार फिरावे लागणार नाही, आणि हे काम प्राचार्यांचे आहे, विद्यार्थ्यांचे नाही.

चौथ्या वर्षाविषयी घाई नको. नव्या रचनेत तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स अथवा संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. संशोधनाच्या पर्यायासाठी पहिल्या सहा सत्रांत साधारण ७५ टक्के गुणांची अपेक्षा विद्यापीठ अनुदान आयोगाने ठेवली आहे. चार वर्षांनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते असे जे सांगितले जाते ते सामान्य विद्याशाखांना लागू आहे. आरोग्यविषयक अनेक अभ्यासक्रम दोन किंवा तीन वर्षांचेच आहेत, त्यामुळे तेथे चौथ्या वर्षाने वेळ वाचेलच असे नाही. ज्याला पुढे पीएचडी करायची आहे त्याने चौथे वर्ष करावे, ज्याला लवकर रोजगाराभिमुख शिक्षण हवे आहे त्याने तिसऱ्या वर्षानंतर निघावे.

फसवणुकीचा धोका याच टप्प्यावर अधिक असतो. सहा महिन्यांत 'लॅब टेक्निशियन', वर्षभरात 'आहारतज्ज्ञ' अशा जाहिराती बसस्थानकांच्या भिंतींवर दिसतात. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरवले आहे. दिवसाला सहा तास आणि आठवड्याला सहा दिवस वर्ग धरले तरी २,००० तासांना एक वर्षाहून अधिक काळ लागतो, इतका साधा हिशेब केला तरी बऱ्याच जाहिराती गळून पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, चिकित्सा पोषण व आहारशास्त्र हे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली, म्हणून अशा पदव्यांच्या जाहिरातींपासूनही दूर राहावे. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला नव्हे, तर संबंधित परिषदेच्या यादीला विचारावे.

कागदपत्रांची बाब रुक्ष आहे, पण प्रवेश बहुधा तिथेच अडतो. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षातच करावा. यवतमाळ जिल्ह्यातील बंजारा समाजाच्या विद्यार्थ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा : राज्याच्या यादीत त्यांचा समाज विमुक्त जाती 'अ' प्रवर्गात येतो, परंतु केंद्राच्या यादीत तो इतर मागासवर्गात असल्याने केंद्रीय संस्थांत प्रवेश घेताना केंद्रीय नमुन्यातील, चालू आर्थिक वर्षाशी सुसंगत असे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते, राज्याचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही आणि समुपदेशन फेरीच्या दिवशी तहसील कार्यालयात धावून ते मिळतही नाही. प्रवेशपरीक्षांचे अर्ज अंतिम वर्षाचे निकाल लागण्यापूर्वीच, बहुतांशी हिवाळ्यात, निघतात. केंद्रीय विद्यापीठांसाठीची 'सीयूईटी पीजी' साधारण मार्चमध्ये होत आली आहे, तर आयुर्विज्ञान संस्था आणि विषाणुविज्ञान संस्था आपापल्या परीक्षा स्वतंत्रपणे जाहीर करतात. पाचवे सत्र सुरू होताच या संकेतस्थळांकडे लक्ष ठेवावे.

पहिल्या सत्राचा अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याला रुची असलेल्या निदान तीन पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तिका उघडाव्यात, त्यांतील पात्रतेचे कलम वाचावे, आणि तेथे रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्र यांपैकी कोणता विषय किती सत्रे मागितला आहे ते लिहून घेऊन मगच गौण विषयाच्या रकान्यात खूण करावी. विषय एकदा नोंदवल्यानंतर तो बदलण्याची मुदत थोडीच असते.